भिंतींशिवाय गेलेला प्लॅन

हे मी अजून कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, जिला मी जगभराच्या भानगडी रंगवून सांगते त्या मैत्रिणीलाही नाही. एकदा अगदी तोंडाशी आलं होतं. तिच्या घाटकोपरच्या घरी चहा पीत बसलो होतो, विषय ऑफिसमधल्या बायकांवर घसरला होता — आणि मी त्याऐवजी दुसऱ्याच कुणाची तरी चुगली केली. ती पोट धरून हसली. मी छान सांगते, असं सगळे म्हणतात. ह्या गोष्टीतही हसण्यासारखं आहे, अडचण तीच आहे.

आधीच सांगून ठेवते. ह्यात रडारड नाही. मला झोप नीट लागते, जेवण जातं, गणपतीत पाच प्रकारचे लाडू मीच करते. तेव्हा 'बिचारी किती सोसत असेल' असं माझ्याबद्दल मनात आणू नका. बिचारी दुसरी होती.

तिचं नाव नीलिमा. तोंडावर मी नीलिमाताई म्हणायचे, अहो-जाहो करायचे. मनात मात्र ती 'ती'च होती. इथे मनातलंच लिहायचं ठरवलंय, म्हणून 'ती'.

आमचं ऑफिस अंधेरी पूर्वेला, मेट्रोच्या खांबाला खेटून. आर्किटेक्टचं छोटं ऑफिस. जुन्या सोसायट्या पाडून नव्या बांधायच्या असल्या की त्यांचे प्लॅन आम्ही करायचो. माणसं मोजकीच — सर, साइटवर फिरणारा प्रफुल, मी, आणि नंतर आलेली नीलिमा. सर जुन्या वळणाचे. बटर पेपरवर जाड पेन्सिलीने रेघोट्या मारायचे आणि पुढचं सगळं कॉम्प्युटरवाल्यांनी बघायचं. माउस हातात घेतला तर ओला साबण धरल्यासारखा धरायचे. प्रफुलला फाइल उघडून प्रिंट काढता यायची, बस. म्हणजे कॉम्प्युटर म्हणजे मी. फाइल उघडत नाही — वर्षाला विचारा. मोठे नकाशे छापणारा प्लॉटर अडकला — वर्षा. बाहेरून फोन आला — वर्षा. मी त्या ऑफिसात अशी बरीच वर्षं काढली होती, आणि सरांनी त्या सगळ्या वर्षांत माझ्या कामाबद्दल एकच शब्द वापरला होता. 'हो गया?'

मग ती आली. पार्ल्याची. पंचेचाळिशीची असेल, चष्म्याला साखळी, सुती साडी, डब्यात काकडीची कोशिंबीर वेगळ्या डबीत. लग्नाआधी ड्रॉइंग बोर्डवर काम केलेली — शाईचं पेन, ट्रेसिंग पेपर, चुकलं तर ब्लेडने खरवडायचं, तो जमाना. मग संसार, मुलगी, आणि शेवटी आईचं आजारपण. आई गेल्यावर तिने कुठलासा कोर्स केला आणि आमच्याकडे नोकरीला आली. कॉम्प्युटरवर हळू होती. पण तिने केलेला प्लॅन पहिल्यांदा बघितला तेव्हा सर तो माझ्या टेबलावर आणून ठेवत म्हणाले, "बघ. ह्याला म्हणतात प्लॅन."

हे कारण आहे का? अर्धं असेल. दुसरं अर्धं सांगते. एकदा मुलुंडच्या एका सोसायटीचे लोक प्लॅन बघायला आले होते. प्लॅन माझा होता. ती मागून आली, वाकली, आणि हळूच म्हणाली, "वर्षा बाळा, हे दार उघडलं की आजोबांच्या कॉटला आपटेल गं." बरोबर होतं. आपटलंच असतं. लोक हसले, त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याने तिला हात जोडले, सरांनी तिला बसायला खुर्ची दिली. कुणी मला काही बोललं नाही. तीही नाही. ती तर माझ्या खांद्यावर हात ठेवून उभी होती. मला वरच्या आवाजात भांडणारी माणसं चालतात, आमच्या चाळीत मी त्यातच वाढले. गिरणी गेल्यावर आजोबांची आणि बाबांची रोज जुंपायची, शेजारी मिटवायला यायचे, मग सगळे एकत्र जेवायचे. पण हळू आवाजात चूक दाखवणारी माणसं — ती मला सहन होत नाहीत. आणि 'बाळा'?

बरं. आता थोडं कामाचं सांगावं लागेल, नाहीतर मी काय केलं ते कळणार नाही. कंटाळू नका, एवढंच आहे.

आमच्याकडे एका मजल्याच्या भिंती एका फाइलमध्ये असतात. फर्निचर, मापं, नावं दुसऱ्या फाइलमध्ये. ह्या दुसऱ्या फाइलच्या खाली भिंतींची फाइल जोडून ठेवायची. पूर्वी ट्रेसिंग पेपरखाली मूळ नकाशा ठेवायचे, तशी. स्क्रीनवर दोन्ही मिळून एकच प्लॅन दिसतो. पण भिंती त्या वरच्या फाइलमध्ये नसतात, खालून नुसत्या दिसतात. बाहेर कुणाला पाठवायचं असेल तर जोडलेलं सगळं गोळा करून एकच झिप बांधणारी कमांड असते, ती द्यायची. ती न देता, एकट्या फाइलवर क्लिक करून झिप केली, तर वरचा कागद जातो आणि खालचा आपल्याच टेबलावर राहतो.

आणि गंमत बघा. ती अपुरी झिप ऑफिसात कुणीही, कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडली तर भिंती दिसतातच. कारण भिंतींची फाइल आमच्या सर्व्हरवर असते आणि वरच्या फाइलला तिचा पत्ता ठाऊक असतो. ऑफिसच्या बाहेर उघडली की मात्र पत्ता सापडत नाही. मग पलंग दिसतात, सोफे दिसतात, संडासाची भांडी दिसतात — सगळं हवेत. भिंत एकही नाही.

ही चूक आमच्या धंद्यात प्रत्येक नवा माणूस एकदा करतो. मीही केली होती. माझ्या वेळच्या सीनियरने मला एक शिवी देऊन कमांड शिकवली होती. दोन मिनिटं लागली असतील.

नीलिमाने ती चूक केली तेव्हा फोन माझ्याकडे आला. स्ट्रक्चरल इंजिनियरच्या ऑफिसातला पोरगा होता. "मॅडम, वॉल्स नही आयी है." मी म्हटलं, भेजती हूँ. सर्व्हरवरून नीट झिप बांधून पाठवली. इथपर्यंत काही नाही, नाही का? कुणीही हेच केलं असतं. पण सर केबिनच्या दारात उभे होते. "काय झालं? भिंती नाहीत म्हणजे?" आणि माझ्या तोंडून निघालं — "नीलिमाताईंकडून भलतीच फाइल गेली असेल सर. मी केलं नीट."

ती शेजारीच बसली होती. तिने लगेच स्वतःची फाइल उघडली. भिंती होत्या. तिने आपण बांधलेली झिप उघडली. त्यातही भिंती होत्या — असणारच, ऑफिसात बसली होती ती. माझ्याकडे वळून म्हणाली, "अगं, मी हीच पाठवली. हीच ना?" मी स्क्रीनकडे बघितलं आणि म्हटलं, "आत्ता उघडलीय ती हीच आहे ताई. पाठवलेली कुठली ते कसं सांगणार?"

तिचा चेहरा — कसा सांगू? घरातून निघाल्यावर कुलूप लावलं का ते आठवेना झालं की आपला होतो तसा. मी कधी कुणाच्या चेहऱ्यावर असं काही उमटवलं नव्हतं. मला ते आवडलं.

हे वाक्य मी पूर्वी मनातही धड म्हटलेलं नव्हतं. मला ते आवडलं. मत्सर होता, राग होता, सगळं होतं, पण त्या सगळ्याच्या वर — मजा होती.

मग दुपारी जेवताना तिने मला ते सांगितलं. कोशिंबिरीची डबी माझ्याकडे सरकवली आणि एकदम आईबद्दल बोलायला लागली. आईला विसरण्याचा आजार होता. शेवटी शेवटी तिला मुलगी ओळखू येत नव्हती, नीलिमालाच 'बाई, तुम्ही कुणाकडच्या?' विचारायची. पण सुरुवात फार साधी होती म्हणे. आई सांगायची, दूध तापवलं. शपथेवर सांगायची. आणि बघावं तर पातेलं कोरडं, पिशवी फ्रिजमध्ये जशीच्या तशी. "ती खोटं बोलत नव्हती गं. तिला खरंच तापवल्याचं आठवायचं. वर आलेली साय आठवायची." मग म्हणाली, "मलाही ती झिप पाठवल्याचं अगदी स्पष्ट आठवतंय. म्हणून म्हटलं."

मी काय केलं असेल? काकडी खाल्ली. आणि म्हटलं, "छे हो ताई, काहीतरीच काय."

म्हणजे बघा, तिने मला हत्यार स्वतःच्या हाताने आणून दिलं, वर कोशिंबीरही दिली. पुढची सगळी वाट मला तिथेच, त्या डब्यावर दिसली. तिला कमांड शिकवायची नाही. बस. एवढंच करायचं. बाकी सगळं आपोआप होणार होतं.

झालंही. तिने फाइल पाठवायची, भिंती जायच्या नाहीत, फोन मला यायचा, मी नीट करून पाठवायची, आणि सरांना — कधी सांगायचे, कधी नुसता उसासा टाकायचे. उसाशाने जास्त काम होतं. पाठवण्याआधी ती दरवेळी मला बोलवायची. "वर्षा, जरा बघ गं झिप उघडून. आहे ना सगळं?" मी उघडायची. सगळं असायचं. "झकास आहे ताई, पाठवा." ह्यात खोटं काय होतं? एक अक्षरही नाही. मी तेव्हा स्वतःला हेच सांगायचे, आणि त्यातही मला हुशारी वाटायची.

पण खोटंही बोलले. एकदा तिने विचारलं, पाण्याच्या टाकीचं माप कुठून घ्यायचं. मी सांगितलं, आणि उगाच पुढे जोडलं, "कालही तुम्ही हेच विचारलंत ताई." तिने काल काहीच विचारलं नव्हतं. ह्याचा फाइलशी संबंध नव्हता, सरांशी नव्हता, माझ्या नोकरीशी नव्हता. हे निव्वळ फुकटचं होतं. ती "हो का?" म्हणाली आणि नंतर दिवसभर कुणाला काही विचारलं नाही.

ती बदलायला लागली. निघताना पर्स तीनतीनदा उघडून बघायची. बोलताना मध्येच थांबून विचारायची, हे मी आधी सांगितलं का? प्रफुलने तिची नक्कल करायला सुरुवात केली आणि ती मला इतकी आवडली की मी त्याला पुन्हा पुन्हा करायला लावायचे. तिचे प्लॅन मात्र होते तसेच होते. दार कुठे उघडेल, म्हातारं माणूस रात्री उठलं तर भिंतीला हात कुठे टेकेल, देव्हारा कुठल्या कोपऱ्यात बसेल — हे तिला विचार न करता दिसायचं. त्यात एकही चूक झाली नाही. मी शोधत होते, म्हणून मला माहीत आहे.

आणि मग बोरिवली.

बोरिवलीची एक जुनी सोसायटी होती, लिफ्ट नसलेली. तिथल्या म्हाताऱ्यांचे गुडघे जिने चढून झिजले होते आणि नव्या इमारतीकडे सगळे डोळे लावून बसले होते. काम मोठं होतं. सरांनी प्लॅन नीलिमाला दिला होता, आणि रविवारी सोसायटीच्या लोकांसमोर तो तिनेच मांडायचा असं ठरलं होतं. हे जमलं असतं तर पुढचं सगळं काम तिच्या हाताखाली झालं असतं, मी धरून. तिला ते माहीत होतं. तिला त्याहून जास्त हे माहीत करून घ्यायचं होतं की आपलं डोकं ठिकाणावर आहे. "हे नीट पार पडलं ना वर्षा," ती म्हणाली होती, "की मी ते आईचं वगैरे डोक्यातून काढून टाकणार."

शनिवारी संध्याकाळी ऑफिसात आम्ही दोघीच होतो. तिने प्लॅनची झिप केली — तिच्या पद्धतीने — आणि मीटिंगच्या लॅपटॉपवर टाकली. मग मला शेजारी बसवून उघडली. "आज तू साक्षीला बस. आपण दोघींनी मिळून बघू." भिंती होत्या. तिने एकेका फ्लॅटवरून बोट फिरवलं, बाहेरची खोली, स्वयंपाकघर, आतली खोली, आणि मोठ्याने म्हणत गेली, आहे, आहे, आहे. मीही बरोबर म्हटलं. आहे. लॅपटॉप ऑफिसच्या वायफायवर होता, भिंती सर्व्हरवरून येत होत्या. मी म्हटलं, "आणि ताई, उद्या तिथे फाइल उघडताना मध्ये एखादी चौकट आली ना, काहीतरी सापडत नाही वगैरे म्हणेल, तर बंद करा. लायसन्सची कटकट असते ती." तिने मान हलवली. मन लावून, शाळेतल्यासारखी.

ती चौकट म्हणजे त्या प्रोग्रामचा एकुलता एक इशारा असतो की खालची फाइल सापडत नाहीये. तोही मी तिच्याकडून बंद करवून घेतला.

आणि घरी निघण्याआधी मी माझ्या पेनड्राइव्हवर पूर्ण, नीट बांधलेली झिप घेतली. ती पर्समध्ये टाकली.

मीटिंग खाली पार्किंगमध्ये होती. गाड्या बाहेर काढून प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या, प्रोजेक्टरसाठी दोन खांबांमध्ये पांढरी चादर ताणली होती, कागदी बशांत वेफर आणि सामोसे. नीलिमा नारायणपेठ नेसून आली होती. सर पहिल्या रांगेत बसले, मी त्यांच्या मागे. तिने नमस्कार केला, सुरेख बोलली. तुमचा आजचा संसार मी बघून गेलेय, म्हणाली, कुणाचं कपाट कुठे आहे ते मला ठाऊक आहे. लोक खूश झाले. मग तिने फाइल उघडली, चौकट आली, तिने ती बंद केली, आणि चादरीवर प्लॅन उमटला.

पलंग. सोफे. डायनिंग टेबलं. संडासाची भांडी, ओळीने. भिंत एकही नाही.

आधी कुणाला कळलं नाही. मग मागून एक काका ओरडले, "अहो मॅडम, भिंती बिल्डर नंतर देणार की आपापल्या आणायच्या?" हशा पिकला. दुसरा म्हणाला, "आपला संडास तर एकदम ओपन एअर हाय!" पोरंटोरं शिट्ट्या मारायला लागली. एक म्हातारी मात्र हसली नाही. ती शेजारणीला विचारत राहिली, म्हणजे आता घर मिळणार नाही का?

आणि मी? मला हसू आवरत नव्हतं. ओढणी तोंडावर धरली होती. आज हे लिहितानासुद्धा ते 'ओपन एअर' आठवलं की ओठ हलतात. म्हणूनच सुरुवातीला म्हटलं.

ती चादरीजवळ गेली. हात लावून बघितला, भिंती जिथे हव्या होत्या तिथे. तिथे खरं तर एक ओळ दिसत होती, मोहरीएवढ्या अक्षरांत, भिंतींची फाइल कुठे आहे त्याचा सर्व्हरवरचा पत्ता. प्रोग्राम तसा पत्ता लिहून दाखवतो. तिच्या बोटाखालीच होता. चष्मा लावूनही वाचता आला नसता.

मग ती वळली आणि लोकांमधून थेट मला म्हणाली, "वर्षा, काल आपण बघितलं ना गं? आपण दोघींनी उघडून बघितलं ना?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सरही वळले. मी उठले, तिच्याजवळ गेले, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळू म्हटलं — तिच्यासारख्याच हळू आवाजात, पण सरांना ऐकू जाईल इतपत — "ताई, काल आपण लॅपटॉप कुठे उघडला? तुम्ही लवकर निघालात ना काल."

बस. हे ते. इतका वेळ ह्याच्याभोवती फिरत होते. झिप वगैरे ठीक आहे, ती चूक तिची होती असं म्हणता येईल. हे वाक्य माझं होतं. आदल्या रात्री ते ठरवलेलं नव्हतं. तिथे उभ्या उभ्या सुचलं, आणि सुचल्याचा आनंद झाला.

ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. ती चाचपत होती. काल संध्याकाळ आठवून बघत होती, आणि तिला ती आठवत होती, सगळी, भिंतींसकट. आणि आईला साय आठवायची. मग ती खाली बसली. कुणाच्या तरी सामोशाची बशी त्या खुर्चीवर होती, तिच्यावरच बसली. नारायणपेठेला चटणी लागली. पुन्हा हशा झाला.

मी पर्समधून पेनड्राइव्ह काढला. "सर, माझ्याकडे बॅकअप आहे." भिंती आल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. उरलेला प्लॅन मी समजावून सांगितला, तिचीच वाक्यं वापरून.

सोमवारी तिने राजीनामा दिला. सरांनी थांबवलं नाही. सुटका झाल्यासारखे दिसत होते. जाताना तिने मला जिन्यात गाठलं. मला वाटलं, कळलं हिला. पण ती म्हणाली, "तुझ्या लक्षात आलंच असेल मला काय होतंय ते. कुणाला सांगू नकोस हं. मुलीचं लग्न व्हायचंय." आणि मग, "तू होतीस म्हणून निभावलं. नाहीतर सरांची किती नाचक्की झाली असती." मी म्हटलं, काळजी घ्या ताई.

बोरिवलीचं काम मला मिळालं. ती इमारत आता उभी आहे. त्या म्हाताऱ्या लोकांना लिफ्ट मिळाली. आतल्या भिंती जिथे तिने आखल्या तिथेच आहेत. मी त्यातली एकही हलवली नाही, हलवण्यासारखी नव्हतीच.

मध्यंतरी पार्ल्याला गेले होते, स्टेशनजवळच्या बाजारात, सासूबाईंसाठी कुळीथ घ्यायला. समोरून ती येत होती. मुलीने तिचा दंड धरला होता. पन्नाशी ओलांडलेली, धडधाकट बाई, आणि दंड धरून चाललेली. तिने मला लांबूनच ओळखलं. नाव घेऊन हाक मारली. माझ्या आईच्या गुडघ्यांची चौकशी केली, प्रफुलला मुलगा झाला की मुलगी ते विचारलं, मुलुंडच्या त्या आजोबांची कॉट कुठे लावली तेही तिच्या लक्षात होतं. एक गोष्ट ती विसरलेली नव्हती.

मुलगी सांगत होती, हसून, आपल्या माणसाबद्दल सांगतात तसं. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, सगळं नॉर्मल आहे म्हणतात, पण आई मानत नाही. आजीच्या वेळीही आधी नॉर्मलच म्हणाले होते ना. आता आई गॅसला हात लावत नाही, एकटी बाहेर पडत नाही. चित्रं काढत बस म्हटलं तर पेन्सिल धरत नाही, म्हणते माझा भरवसा नाही. नीलिमा मान हलवत होती. मग मुलीला म्हणाली, "हीच ती वर्षा. हिने फार सांभाळून घेतलं मला."

आणि मग माझा हात धरून, जरा बाजूला घेत — पण मुलीला ऐकू जातच होतं — तिने विचारलं, "एक विचारू गं? रागावू नकोस. तो बोरिवलीचा प्लॅन. आदल्या दिवशी संध्याकाळी आपण दोघींनी लॅपटॉप उघडला होता ना? मला अजून दिसतंय. तू माझ्या डाव्या बाजूला होतीस. भिंती होत्या. आपण 'आहे, आहे' म्हणत होतो."

मुलगी माझ्याकडे बघत होती. नकार ऐकायची तयारी असलेला चेहरा. मी काहीही बोलू शकत होते. हो म्हटलं असतं तर पुढचं काहीच सांगावं लागलं नसतं, तिथून चालू पडले असते. भीती वाटली म्हणू का? वाटली असेल. पण भीतीच्या आधी ती जुनी मजा आली, तिला मी ओळखते.

"नाही ताई," मी म्हटलं. "तुम्ही त्या दिवशी लवकर निघाला होतात."

ती हसली. "बघ," मुलीला म्हणाली, "सांगते ना मी." मुलीने पुन्हा तिचा दंड धरला आणि दोघी रिक्षांमधून वाट काढत रस्ता ओलांडून गेल्या. मी कुळीथ घेतले.

शनिवारी संध्याकाळी आम्ही दोघींनी लॅपटॉप उघडला होता. मी तिच्या डाव्या बाजूला होते. भिंती होत्या.